फुकट आहे, पण पाणी आपलं आपण न्यायचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांसाठी मध्यंतरी आपल्या रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सरकारी जमिनीवर तंबू ठोकून कितीही दिवस फुकट राहता येतं, असं त्यात म्हटलं होतं. सोबत छायाचित्र होतं : गुळगुळीत वाळूचा पट्टा आणि त्यावर पिवळा तंबू. यातलं ‘फुकट’ बरोबर आहे. ‘कितीही दिवस’ चूक आहे. आणि छायाचित्रातली जागा तर पाहताक्षणी माझ्या पोटात गोळा आला. त्याबद्दल पुढे लिहितोच.

मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागातून कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी एका आकड्याभोवती फिरली : दरडोई दररोज 135 लिटर. एवढं पाणी देणं अपेक्षित, कधी तेवढं गेलं, बरेचदा नाही. गेल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुलगा म्हणाला, “बाबा, दोन रात्री वाळवंटात राहायला जाऊ.” मी पहिला प्रश्न विचारला, “उद्भव कुठला?” म्हणजे पाणी कुठून घ्यायचं. तो हसला. म्हणाला, “गाडीची डिकी.”

आम्ही गेलो ते जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिणेला, दहा नंबरच्या महामार्गावरून कॉटनवुड स्प्रिंग्ज रोडला वळलं की लगेच लागणाऱ्या जमिनीवर. ही जमीन उद्यानाची नाही. ती ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या खात्याची. 1946 साली दोन जुनी खाती एकत्र करून हे खातं झालं आणि आज त्याच्याकडे साडेचोवीस कोटी एकर जमीन आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. बरीचशी पश्चिमेकडच्या राज्यांत, आणि त्यातली पुष्कळ अशीच कोरडी, मुरमाड. तिच्यावर गुरं चरतात, खाणी चालतात, आणि जिथे मनाईची पाटी नाही तिथे कुणीही येऊन मुक्काम करू शकतो. नोंदणी नाही, पावती नाही, रखवालदार नाही. मुदत मात्र आहे. साधारणपणे 28 दिवसांत 14 दिवस, मग तिथून हलायचं, आणि चार हात सरकून नाही, तर बऱ्याच ठिकाणी निदान 25 मैल. उद्यानाची हद्द ओलांडली की नियम बदलतात. तिथे गाडीजवळ झोपायचं तर नेमून दिलेल्या तळावरच, आणि आत शिरायला गाडीमागे 30 डॉलर. ते सात दिवस चालतात. रस्ता एकच, डोंगरही तेच, पण पाटीच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा. नवख्या माणसाचा घोळ इथेच होतो.

या मुक्कामाला तिकडे ‘प्रिमिटिव्ह कॅम्पिंग’ म्हणतात. म्हणजे काय, ते तिथे उतरल्यावर कळलं. नळ नाही. संडास नाही. कचऱ्याचा डबा नाही. सपाट ओटा नाही, टेबल नाही, दिवा नाही, फोनला रेंज येऊन-जाऊन. आधी कुणी राहून गेलेलं दिसावं असं चाकांनी दबलेलं अंगण आणि दगडांचं काळवंडलेलं कोंडाळं, एवढीच सोय. तंबू अशाच वापरलेल्या जागी लावायचा, नवी जमीन मोडायची नाही. मला हे आधी फार सोवळं वाटलं. एवढ्या उजाड माळावर मोडायचं तरी काय? मग मुलाने जुन्या चाकोऱ्या दाखवल्या. कुणीतरी मुख्य वाटेवरून गाडी बाजूला घातलेली, कधी कोण जाणे, पण दोन्ही पट्टे स्वच्छ दिसत होते आणि त्यांत एक काडी उगवलेली नव्हती. पाऊस इतका थोडा की जमीन जखम भरून काढत नाही.

आता छायाचित्राबद्दल. आम्ही जिथे थांबलो तिथून पन्नास-साठ पावलांवर असाच गुळगुळीत वाळूचा पट्टा होता. खडा नाही, काटा नाही, गादी घातल्यासारखा. नातवाने तिथेच तंबू लावायचा हट्ट धरला. मी त्याला कडेच्या झुडपापाशी नेलं. झुडपाच्या फांद्यांत माझ्या गुडघ्याच्या उंचीवर काटक्या, वाळकं गवत आणि एक प्लॅस्टिकचा तुकडा अडकून बसला होता, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. ही पूररेषा. आमच्याकडे ती नकाशावर लाल शाईने काढतात, इथे झुडपानेच काढून ठेवली होती. तो पट्टा म्हणजे ओढ्याचं कोरडं पात्र. तिकडे त्याला ‘वॉश’ म्हणतात. डोक्यावर निळं आभाळ असलं तरी दूरच्या डोंगरात पाऊस झाला की पाणी तासाभरात खाली येतं, कारण उघड्या खडकावरून ते मुरतच नाही. आपल्या छायाचित्रातला पिवळा तंबू अशाच पट्ट्यात आहे. छायाचित्राच्या उजव्या कोपऱ्यात तुटलेला काठसुद्धा दिसतो. भिंग घेऊन पाहावं.

आमचा तंबू काठाच्या वर, खडबडीत जमिनीवर लागला. रात्रभर पाठीला दगड टोचले. सौ. अजून ऐकवते.

पाण्याचा हिशेब मांडतो, कारण त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. माणशी दिवसाला किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर, असं तिकडचे लोक सांगतात. उन्हाळा असेल किंवा चालायचं असेल तर दुप्पट. आम्ही चार मोठे आणि आठ वर्षांचा नातू. मुलाने सात-सात गॅलनचे दोन निळे कॅन भरून घेतले, मिळून 53 लिटर. मी दोन्ही कॅनवर चिकटपट्टी लावून लिटरच्या खुणा केल्या. सूनबाईंना ते बघून हसू आवरेना, पण दुसऱ्या दिवशी त्याच मला विचारत होत्या, “बाबा, किती उरलं?”

पहिल्या रात्री दोन वाजता मला जाग आली ती आवाजाने. टप. टप. टप. ज्याने नोकरीत गळती शोधत रस्ते पालथे घातले त्याला हा आवाज झोपेतही कळतो. महामार्गावरून जाणाऱ्या ट्रकांची घरघर येत होती (हो, ती येते. वाळवंटातल्या निःशब्द शांततेबद्दल लिहिणाऱ्यांनी महामार्गापासून किती मैलांवर झोपलो तेही लिहावं), पण तिच्यातूनही टपटप वेगळी ऐकू येत होती. स्वेटर, मफलर, डोक्याचा दिवा असा जामानिमा करून बाहेर आलो. थंडी चांगली बोचरी होती, दिवसा अर्ध्या बाह्यांत फिरलो होतो ते खरं वाटेना. कॅन गाडीच्या मागच्या पायरीवर आडवा ठेवलेला, त्याची तोटी खालच्या बाजूला, आणि तोटीच्या टोकाला थेंब धरत होता, फुगत होता, सुटत होता. सेकंदाला एक. म्हणजे तासाला पावणेदोनशे ते दोनशे मिलिलिटर. रात्री नऊला आडवा केला असेल तर आतापर्यंत लिटरभर गेलं. एका माणसाचा पाव दिवस!

कॅन उभा केला, झाकण उघडून तोटी काढली. रबरी वॉशरवर वाळूचा एक खडा बसला होता, मोहरीएवढा. बोटाने पुसला, तोटी परत आवळली आणि कॅन तोटी वर येईल असा ठेवला. नोकरीत गळती टक्क्यांत मोजायची सवय. थेंबांत मोजली ती त्या रात्री पहिल्यांदा. मग दिवा विझवून तसाच उभा राहिलो. आग्नेयेला वृश्चिक निम्मा वर आला होता, ज्येष्ठेचा तांबूस ठिपका डोंगराच्या कडेवर. पश्चिमेला मात्र आभाळ फिकट होतं, तिकडे कोचेला खोऱ्यातली गावं आहेत. तंबूतून सौ.चा आवाज आला, “काय झालं हो?” मी म्हटलं, “गळती होती.” ती म्हणाली, “इथेसुद्धा?”

सकाळी ऊन तापल्यावर पाहतो तर थेंब पडलेल्या ओल्या जागेवर मधमाश्या. वीस-पंचवीस तरी. तळहाताएवढी ओल, ती त्यांना कुठून कशी कळली! पुढे कपाच्या काठावर, ओल्या फडक्यावर, नातवाच्या घामेजल्या टोपीवरही येऊ लागल्या. या भागात माश्या पाण्याच्या वासाने गाडीतसुद्धा शिरतात. ज्यांना डंखाची ॲलर्जी आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं. ओलं सगळं झाकून ठेवायचं, सांडायचं नाही.

दोन दिवसांत कॅनमधलं 43 लिटर पाणी संपलं, गळती धरून. म्हणजे दरडोई दररोज 4.3 लिटर. उद्यानातल्या नळावर बाटल्या भरल्या त्या यात नाहीत. आंघोळ नाही हे उघडच आहे. ताटं घासायच्या आधी पोळीच्या तुकड्याने इतकी पुसून खायची की धुवायला काही उरू नये. धुतलेलं पाणी गाळून, गाळ पिशवीत, आणि पाणी मुक्कामापासून दूर नेऊन पसरून टाकायचं, एका जागी ओतायचं नाही.

लेखात संडासाबद्दल एक अक्षर नव्हतं, म्हणून संकोच बाजूला ठेवून लिहितो. आमच्या वयाच्या माणसांचा पहिला प्रश्न तोच असतो आणि तो मुलांना विचारवत नाही. दोन रीती आहेत. एक, वाटेपासून, मुक्कामापासून आणि ओढ्याच्या पात्रापासून किमान 200 फूट लांब जाऊन सहा ते आठ इंच खोल खड्डा खणायचा आणि नंतर बुजवायचा. कागद मात्र पुरायचा नाही, तो पिशवीत बंद करून परत न्यायचा, कारण कोरड्या जमिनीत तो कुजत नाही आणि वारा किंवा कोल्हा उकरून काढतो. झुडपांच्या बुडाशी अडकलेले पांढरे कपटे पाहिले की याचा अर्थ कळतो. दुसरी रीत म्हणजे आत पावडर असलेल्या खास पिशव्या मिळतात, पावडरीने ओल घट्ट होते आणि सगळंच बांधून परत आणता येतं. सौ.चे गुडघे वाकत नाहीत. मुलाने झाकणाची बादली आणली होती, तिच्यावर बसकं लावता येतं, आत ही पिशवी, भोवती कनातीसारखा उभा तंबू. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “मला परत घेऊन चल.” दुसऱ्या दिवशी म्हणाली, “आपल्या यात्रेच्या गावांत हे का नाही ठेवत?” याचं उत्तर माझ्याकडे, पाणीपुरवठ्यात आयुष्य घालवूनही, नव्हतं.

शेकोटीसाठी कॅलिफोर्नियात परवाना लागतो, अगदी गॅसच्या शेगडीलासुद्धा. तो फुकट असतो आणि घरबसल्या एक चित्रफीत पाहून मिळतो. लाकूड विकत नेलेलं. तिथली वाळकी काडीसुद्धा उचलली नाही. खोक्यांची, खिळे असलेली लाकडं जाळू नयेत. राखेत खिळे राहतात आणि पुढच्या माणसाचं टायर जातं. वारा सुटला तर शेकोटी नाहीच. शनिवारी संध्याकाळी असा सुटला की जेवण गाडीत बसून झालं.

त्याच शनिवारी रात्री थोड्या अंतरावर चार-पाच गाड्यांचा एक जथा उतरला. आधी दिव्यांच्या माळा लागल्या, मग ध्वनिक्षेपक. गाणी आमच्या ओळखीची होती आणि आरडाओरड्यातली भाषाही. आमच्या पलीकडे एक अमेरिकन वृद्ध जोडपं आपल्या व्हॅनमध्ये राहत होतं. संध्याकाळी त्यांनी नातवाला दुर्बिणीतून गुरूचे उपग्रह दाखवले होते. रात्री त्यांनी व्हॅन सुरू केली आणि निमूटपणे लांब नेऊन लावली. भांडण नाही, तक्रार नाही. मला ते भांडले असते तर बरं वाटलं असतं. पहाटे जथा निघून गेला. नातू आणि मी पिशवी घेऊन गेलो : चांदीच्या रंगाच्या पत्रावळ्या, बाटल्यांची झाकणं, लिंबाच्या फोडी, तुटलेली माळ, ओले पुसायचे कागद. नातवाने विचारलं, “आजोबा, हे आपले लोक होते का?” मी म्हटलं, “हो.” खोटं बोलून काय करणार? ‘फुकट’ एवढंच वाचून आलेले लोक. म्हणून म्हणतो, लेखात आणखी चार ओळी हव्या होत्या.

आसपास पाहण्यासारखं पुष्कळ आहे, पण एक सांगून ठेवतो. ज्या जोशुआ वृक्षामुळे उद्यानाला नाव मिळालं तो या दक्षिण टोकाला नाहीच. तो उंचावरचा, मोहावे वाळवंटाचा. दक्षिणेकडे सखल कोलोरॅडो वाळवंट आहे आणि दोन्ही उद्यानाच्या मध्यात एकमेकांना भेटतात. इथे दिसतात ओकोटिलोच्या चाबकासारख्या फांद्या, मार्चमध्ये टोकांना लाल तुरे, आणि क्रिओसोट नावाचं सगळीकडे पसरलेलं झुडूप. त्याची पानं चुरगळून हुंगली की पावसाचा वास येतो, निदान तिकडचे लोक तसं म्हणतात. मला डांबराचा आला. आत वीसेक मैलांवर चोया निवडुंगाची बाग आहे. लांबून मऊ लोकर वाटते. हात लावायचा नाही, पण नातवाने बूट लावला आणि एक पेर चिकटून आलं. ते बोटांनी ओढू नये, कंगवा खाली घालून उडवायचं. कंगवा सौ.च्या पर्समध्ये होता, निभावलं.

कॉटनवुड स्प्रिंगला ताडासारख्या उंच पामांचा छोटा झुबका आहे. सोन्याच्या खाणींच्या काळात प्रवाशांना आधार होता तो या झऱ्याचा. तिथून मॅस्टोडॉन पीकचा तीनेक मैलांचा फेरा आहे. तो मुलगा आणि नातू करून आले, वरून साल्टन समुद्र चकाकताना दिसला म्हणाले. हा समुद्र 1905 मध्ये कोलोरॅडो नदीचा कालवा फुटून झाला, म्हणजे इतिहासातली सर्वांत मोठी गळती, असं मी म्हटलं तर कुणी हसलं नाही. लॉस्ट पाम्स ओॲसिसचा साडेसात मैलांचा रस्ता आम्ही लांबूनच नमस्कार करून सोडला.

माझं मन रमलं ते चिरिआको समिट नावाच्या थांब्यावर. अमेरिकन सैन्यातल्या जनरल पॅटन यांनी 1942 साली या वाळवंटात रणगाड्यांच्या सैन्याला तयार केलं, त्याचं संग्रहालय तिथे आहे. सगळे बाहेरचे रणगाडे पाहत होते. मी आत एका नकाशापाशी तासभर उभा होतो. नकाशा कसला, जवळपास पाच टन वजनाचा डोंगरदऱ्यांचा उठावाचा देखावा, कोलोरॅडो नदीची जलवाहिनी आखताना बनवलेला. नदीवरच्या पार्कर धरणामागून पाणी उचलायचं आणि 242 मैलांवर लॉस एंजेलिसच्या बाजूला सोडायचं. पाच पंपहाऊस, एकूण चढ 1,617 फूट. 1933 ला काम सुरू, 1941 ला पाणी. थांब्याला ज्याचं नाव आहे तो चिरिआकोही याच वाहिनीच्या सर्वेक्षणावर इथे आला आणि 1933 मध्ये पेट्रोल पंप टाकून राहिला. शेवटचं पंपहाऊस थांब्यापासून थोडंच पूर्वेला आहे आणि तिथून पुढे पाणी डोंगरातल्या बोगद्यांतून जातं. म्हणजे मी ज्या रात्री खड्याएवढ्या गळतीसाठी उठलो त्या रात्री काही मैलांवरच्या डोंगराच्या पोटातून एका महानगराचं पाणी वाहत होतं. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “मग आपण जे कॅन भरून आणले ते कुठलं होतं असं वाटतं तुम्हाला?” तो राहतो त्या भागाला हेच पाणी मिळतं. ते जिथून गेलं तिथेच आम्ही ते डिकीत घालून परत आणलं होतं.

त्या वृद्ध जोडप्याने निघताना पत्ता सांगितला तो ॲरिझोनातल्या क्वार्टझाइटचा. तिथे याच खात्याच्या जमिनीवर लांब मुक्कामाची सोय आहे, 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल. त्यासाठी पैसे भरावे लागतात, पण पाणी मिळतं आणि मैल्याची टाकी रिकामी करायची व्यवस्था असते. पुढे फिनिक्सला भाच्याकडे जाताना आम्ही तिथे थांबलो. गावच्या स्मशानात एका उंटवाल्याची दगडी पिरॅमिडसारखी समाधी आहे, टोकावर पत्र्याचा उंट. 1856 मध्ये अमेरिकन सैन्याने वाळवंटासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हा माणूस 1902 मध्ये इथेच गेला. नाव हाजी अली. ते वाचून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिकडच्या लोकांनी त्याचं ‘हाय जॉली’ करून टाकलं आहे.

परत मुलाच्या घरी आल्यावर रात्री संडासची टाकी ओढली. टाकीवर आकडा छापलेला होता : एका वेळेला सहा लिटर.

तरी पुढच्या अंकात निदान एवढी दुरुस्ती छापावी : मुदत साधारण 14 दिवस, ठिकाणच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावं, माणशी रोज किमान चार लिटर पाणी सोबत न्यावं, आणि ते छायाचित्र बदलावं. दुसरं नसेल तर आमच्या तंबूचं पाठवतो. दिसायला अगदी सुमार आहे, पण काठाच्या वर आहे.

आपला,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता, पाणीपुरवठा